परातीतला एकोणीस

संघप्रियानं फासे वाटून टाकले. ही गोष्ट काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. गेल्या मंगळवारी समोरच्या घरातली दोन लहान मुलं दारात बसून वीस तोंडांचा निळा फासा फरशीवर घरंगळवत होती. कुठून आणला विचारलं तर म्हणाली, ताईनं दिला. मी आत येऊन तिचं कपाट उघडलं. फाशांची पिशवी रिकामी होती. बाकीचे लॅबमधल्या मावशींच्या नातवाला दिले, हे तिनं नंतर सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. "ठेवून काय करू?" एवढंच म्हणाली आणि ताट तसंच सरकवून उठली.

माणूस आपल्या जिवाच्या वस्तू वाटायला लागलं की घरच्यांनी सावध व्हावं, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. मी शाळेत लिपिक आहे. दोन वर्षांपूर्वी मुलांसाठी एक मनाचे डॉक्टर बोलावले होते, तेव्हा मागच्या बाकावर मी हजेरीपत्रक घेऊन बसले होते. ते वाक्य तेव्हा कानावरून गेलं. आता ते दिवसभर ऐकू येतं. भाजी निवडताना, दाखले लिहिताना, कधीही.

रात्रीचा एक वाजून गेला आहे. हे पलीकडच्या खोलीत झोपलेत. एसटीत कंडक्टर आहेत, पहाटेच्या गाडीवर ड्यूटी आहे. संघप्रिया रात्रपाळीला गेली आहे. मला झोप येत नाही, म्हणून वही घेऊन बसले. तिच्याबद्दल लिहिलं तर निदान तिच्याजवळ बसल्यासारखं वाटेल.

संघप्रिया माझी एकुलती एक. डिसेंबरात तिला तीस पूर्ण होतील. उमरग्यात महामार्गाला लागून असलेल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये ती रक्त तपासते. लहान लेकराची शीर तिला पहिल्या सुईत सापडते, म्हणून गावाकडून येणाऱ्या बाया 'ती उंच पोरगी कुठाय' असं विचारत येतात. बोलते कमी. लग्नाकार्यात गेली तर कोपऱ्यातली खुर्ची धरते आणि जेवून परत येते. लहानपणी तर मला वाटायचं, हिला सोबती मिळायचे कसे?

ते मिळाले एका खेळामुळं. लॅबचा कोर्स करायला ती पुण्यात होती, तिथं होस्टेलवर कुणीतरी तिला तो शिकवला. हा बसून खेळायचा खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. माझा माणूस आता भिंत चढतोय, असं कुणी म्हटलं की तो चढला की पडला हे फासा आणि नियम मिळून ठरवतात. अशी गोष्ट पुढं पुढं वर्षानुवर्षं चालते. कोर्स संपवून ती परत आली तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा जड असं एक झेरॉक्सचं बाड होतं. इंग्रजी, साडेतीनशे पानं, सगळे नियमच.

खेळायला तिघं जमली. श्रावस्ती शाळेत तिच्याच वर्गात होती, आता सास्तूरला शिक्षिका आहे, दर रविवारी स्कूटीवर यायची. नंदीशचं महामार्गावर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. उमाशंकर जनावरांच्या दवाखान्यात कामाला. तिघंही खेळाडू, आणि गोष्ट सांगणारी कायम संघप्रिया. तिला ते सूत्रधार म्हणत. नऊ वर्षांत सूत्रधार बदलला नाही.

तिची गोष्ट होती मिठाची. समुद्राकडून मीठ घेऊन वर येणारा खेचरांचा तांडा, वाटेतले घाट, जकातीची ठाणी, पडके किल्ले, आणि तांड्याची राखण करणारी ही तिघं. नंदीशचा माणूस दुर्गप्पा नावाचा, एका कानाचा खेचरवाला. पहिल्या वर्षी तो नदी ओलांडताना घाबरायचा. नवव्या वर्षी तो सगळ्या तांड्याचा नाईक झाला होता. नंदीश घरी जाताना चपला घालता घालता म्हणायचा, काकू, दुर्गप्पाकडं लक्ष ठेवा, ही बाई त्याला आठवडाभर उपाशी ठेवते.

रविवारी दुपारी माझ्या घरातून माझ्या मुलीचा मोठा आवाज यायचा. ती डाकूचा आवाज काढायची, म्हाताऱ्या जकातदाराचा काढायची. मी ओट्याशी उभी राहून ऐकायची. हीच का ती कोपऱ्यातली खुर्ची धरणारी, असं मनात यायचं.

मी तिला एकदा विचारलं होतं, एवढं काय आहे त्या खेळात? ती म्हणाली, "आई, यात सगळ्याला नियम आहे. माणसं आधी आडनाव विचारतात, मग ठरवतात कसं वागायचं ते. फासा विचारत नाही." पुण्यातल्या होस्टेलवर काय काय झालं ते तिनं मला कधी सांगितलेलं नाही, पण मला थोडंफार कळलं होतं.

नंदीश आणि उमाशंकरला त्या बाडातलं इंग्रजी झेपेना. म्हणून आम्ही दोघी मराठी करायला बसलो. ती वाचून अर्थ सांगायची, मी शब्द शोधायची आणि लिहायची. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेतले दाखले अजून माझ्याकडूनच लिहून घेतात. चिलखताच्या पायऱ्या, बचावाचा फासा, अंगातला जीव, हे सगळे शब्द माझे. अंगातला जीव म्हणजे तुमच्या माणसाचा आकडा, घाव बसेल तसा तो कमी होतो आणि शून्याला माणूस मरतो. लांब रजिस्टरं आणली, लाल शाईनं रकाने आखले. अकरा रजिस्टरं भरली. बी.ए. होऊन मी जन्मभर दुसऱ्यांच्या जन्मतारखा लिहिल्या. मराठीत जे नव्हतं ते मी पहिल्यांदाच लिहीत होते. मला त्याचा फार अभिमान होता, हे आज कबूल करते.

या घरातला आणखी एक नियम म्हणजे परात. मूळ पुस्तकात सूत्रधारानं आपला फासा पुठ्ठ्याच्या आडोशामागं टाकावा असं आहे. संघप्रियानं ते पहिल्याच दिवशी काढून टाकलं. माझी कणीक मळायची परात मधोमध ठेवायची आणि प्रत्येक फासा, तिचासुद्धा, सगळ्यांसमोर त्या परातीत पडायचा. स्टीलवर फासा वाजला की चौघं पुढं वाकायची. पडलं ते पडलं. रविवारी पोळ्या उशिरा होत, पण परात मी कधी मागितली नाही.

ती कंटाळली कधी, हे मला नीट सांगता येणार नाही. गेल्या दिवाळीनंतर शनिवारी तयारीला बसली की ती पेन नुसतं धरून बसायची. एक मारामारी पूर्ण रविवार खायला लागली होती. प्रत्येक घावाला तीन फासे, वजाबाकी, पुन्हा रजिस्टर उघडायचं, पुन्हा रकाना शोधायचा. ओट्याशी उभं राहून मला आता आवाज नाही, आकडेच ऐकू यायचे. सतरा, वजा पाच, बारा, जीव उरला एकतीस. डाकूचा आवाज तिनं काढायचं सोडलं होतं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी रजिस्टरांना खाकी कव्हरं घालत होते. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, मला हा खेळ नको झालाय."

मी वर न बघता म्हणाले, नको झालाय म्हणजे काय?

ती बराच वेळ बोलली. तिच्या मानानं खूपच. "पूर्वी कुणी म्हणालं मी दार उघडतो, तर दारापलीकडं काय आहे ते मला दिसायचं. आता आधी रजिस्टर आठवतं. कितवं, कुठलं पान. मग दारापलीकडचं काही दिसतच नाही." श्रावस्तीनं एक पातळ पुस्तिका आणली होती, दुसऱ्याच एका खेळाची, तीस पानांची, एका फाशाची. तीच माणसं, तोच तांडा त्यात नेता येईल असं श्रावस्तीचं म्हणणं होतं. संघप्रिया मला विचारायला आली होती, हे मला आज कळतंय. तेव्हा मी हसून म्हणाले, "अकरा रजिस्टरं झाली, बोटं झिजली माझी. आता तीस पानांत उरकता होय?"

तीही हसली. कव्हराला गोंद लावायला मला मदत केली. त्यानंतर आठ महिने तिनं तो विषय काढला नाही, आणि एकही रविवार चुकवला नाही. मला वाटलं, गेला कंटाळा.

मग तो रविवार आला. आज त्याला तीन आठवडे झाले.

तांडा एका घाटात अडकला होता. दुपारी दोनला सुरू झालेली मारामारी सातपर्यंत संपली नव्हती. दुर्गप्पाच्या अंगात जीव उरला होता चार. पुढचा वार शत्रूचा, म्हणजे फासा संघप्रियाचा. पंधरा किंवा वर पडले तर वार लागणार, आणि लागला तर दुर्गप्पा जगत नव्हता. सगळ्यांना हिशेब पाठ. तेवढ्यात लाइट गेली. मी चहा घेऊन आले होते, तो खाली ठेवला, मोबाइलची बॅटरी लावली आणि परातीवर धरली. फासा वाजला. संघप्रिया पुढं वाकली आणि लगेच त्यावर हात ठेवला.

"आठ," ती म्हणाली. "हुकला."

मी वरून बघत होते. उजेड माझ्याच हातात होता. तीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे तपासायची सवय. चुकीचा आकडा दिसला की तोंडातून निघतोच. मी म्हणाले, "आठ कुठं, एकोणीस होता की."

तिनं हात उचलला. एकोणीसच होता.

मला वाटलं, अंधारात तिला दिसलं नसेल, आणि मी तसं म्हणणार तोच तिच्या चेहऱ्याकडं माझं लक्ष गेलं. तिनं बघून सांगितलं होतं. नंदीश गमतीनं म्हणाला, दुर्गप्पाला देवानं वाचवला होता, काकूंनी मारला. उमाशंकर हसला. मग नंदीशचंच हसू गेलं. परातीकडं बघत त्यानं विचारलं, "संघप्रिया, नऊ वर्षं असंच चाललं होतं का?"

ती फक्त नाही म्हणाली असती तर त्यानं मानलं असतं. तिनं फासा उचलून पिशवीत टाकला. चहा तसाच राहिला. लाइट आली तेव्हा तिघं चपला घालत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं लॅबमध्ये रात्रपाळी मागून घेतली. रविवारचीसुद्धा. सकाळी आठला येते, दार लावून झोपते, संध्याकाळी उठून पुन्हा जायची तयारी. श्रावस्ती दोनदा येऊन बंद दाराशी बसून गेली. जाताना मला म्हणाली, "काकू, ती पातळ पुस्तिका तिला आवडली होती. पण म्हणाली, आईनं एवढं लिहिलंय, तिला काय वाटेल." मी श्रावस्तीला फाटकापर्यंत सोडायलाही गेले नाही.

शुक्रवारी शाळेतून मी परस्पर नंदीशच्या दुकानावर गेले. तो एका ड्रायव्हरला बेअरिंग दाखवत होता. मला बघून स्टूल पुढं केलं, चहा सांगितला. मी म्हणाले, तिनं ते पहिल्यांदाच केलं, मी शपथेवर सांगते.

"तुमी सांगून काय उपयोग काकू, तिनं सांगावं. मी किती फोन लावले, उचलत न्हाय." मग हात पुसत तो जवळ बसला. "दुर्गप्पा मेला असता तर म्या तासभर तोंड पाडून बसलो असतो. मग चहा पिऊन दुसरा माणूस काढला असता. तिला एवढी काय काळजी पडली?"

मी म्हणाले, थकली होती रे ती. तो खेळच तिला नको झाला होता.

नंदीशनं माझ्याकडं पाहिलं. "व्हय? मग आमी काय लई खुशीत होतो? एका घाटात दोन-दोन रविवार. उमाशंकर तर मधीच झोपायचा. पण ती एवढं करतीय, तिला वाईट वाटंल म्हणून कुणी बोलंना."

मला एकदम सुटल्यासारखं झालं. रडू आलं, हसूही आलं. सगळे एकमेकांना जपत बसले होते. हे कळलं की तिच्या मनावरचं ओझं उतरेल, असं मला वाटलं. रिक्षात बसून घरी येईपर्यंत मी तिला कसं सांगायचं ते शब्द जुळवत होते.

काल सकाळी ती आली. दारात चप्पल काढत होती. मला धीर धरवला नाही. मी म्हणाले, अगं, तेही कंटाळले होते, नंदीश स्वतः म्हणाला, वर्षभर सगळेच कंटाळले होते.

ती तशीच एक चप्पल हातात घेऊन उभी राहिली. मला वाटलं, आता हसेल.

"म्हणजे कुणालाच नको होता," ती म्हणाली. "मग मी कुणासाठी करत होते?"

आणि ती आत गेली. कडीचा आवाज आला. काल दिवसभर ती जेवली नाही. आज दुपारी दाराबाहेर ताट ठेवलं, ते संध्याकाळी तसंच उचललं. जाताना माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, तू झोप. माझी वाट बघत जाऊ नको." नेहमीचंच वाक्य. आज ते मला नेहमीचं वाटलं नाही.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, खेळच आहे, आठ दिवसांत विसरेल. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी रविवारी घरी बसून तिचा आवाज कधी ऐकलेला नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर काल सकाळी दारातच मला माहीत होतं. पण ते माझ्या तोंडून निघालं नाही, कारण ते उत्तर मीच आहे. नंदीश कंटाळला, उमाशंकर कंटाळला, श्रावस्तीनं तर दुसरा रस्ताही आणून दिला. कंटाळले नव्हते ती एकटी मी. रविवारी घर भरायचं ते मला हवं होतं. माझे शब्द कुणीतरी बोलतंय हे ऐकायला मला हवं होतं. तिनं मला येऊन सांगितलं, मी थकले, आणि मी तिला माझी बोटं दाखवली. आठ महिने तिनं तो खेळ माझ्यासाठी ओढला. शेवटी ओढवेना, दुर्गप्पाला त्या आकड्यांपायी मारवेना, म्हणून एकदा, नऊ वर्षांत एकदा, तिनं एक आकडा खोटा सांगितला, तर तिथंही उजेड धरून मीच उभी.

हे मी तिला सकाळी सांगेन असं ठरवलं होतं. पण सकाळी तिच्याशी बोलू असं मी तीन आठवडे ठरवते आहे. सकाळी ती दमलेली असते, हे ड्यूटीवर निघालेले असतात, मला शाळेची घाई असते, आणि दार लागतं. दुसरा एक प्रश्न आहे तो तर मी मनातसुद्धा पूर्ण उच्चारत नाही. माझ्या लेकीला जगायचं आहे ना, हा तो प्रश्न. लिहिला एकदाचा. लिहिल्यावर कळलं की सकाळपर्यंत तो घेऊन मला बसता येणार नाही.

आता दोनला दहा कमी आहेत. मोबाइल ती उचलणार नाही, माझं नाव बघून तर नाहीच. पण लॅबच्या टेबलावर एक साधा फोन आहे, त्यावर नाव दिसत नाही. तिनंच मला सांगितलंय, दोन ते चार काही काम नसतं, नुसतं बसून असतो. कदाचित दुसरं कुणीतरी उचलेल, एवढ्या रात्री आईचा फोन म्हणून हसेल किंवा घाबरेल. घाबरू दे. मी सांगेन, घरी सगळं ठीक आहे, फक्त संघप्रियाला द्या. ती आली की आधी तो प्रश्न विचारीन. सरळ, न अडखळता. ती चिडली तर चिडू दे, रडली तर मी फोन ठेवणार नाही. ह्यांना उठवीन, रिक्षावाल्या शेजाऱ्याला उठवीन आणि दवाखान्यात जाईन. आणि तिनं पुन्हा विचारलं, मी कुणासाठी करत होते, तर म्हणेन, माझ्यासाठी करत होतीस गं, आता नको करू.

नंबर ह्यांच्या डायरीत आहे. त्यांच्या खोलीतला दिवा लावते आणि फोन करते.